हरभट रोडची रात्र आणि गेलेले ओटे

ओट्यावरचा (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १.२०

आत्ताच घरी आलोय. झोप येत नाही म्हणून टंकतोय. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात रात्रीचा प्रयोग होता, सुटायला साडेबारा झाले. आम्ही चौघं वर्गमित्र, पन्नाशीकडं झुकलेले. नाटक बरं होतं की वाईट हे ठरवायला कुठंतरी टेकायला लागतं, म्हणून पाय आपसूक हरभट रोडकडं वळले. तिथल्या एका कापड दुकानाचा ओटा आमचा ठरलेला, बारावीपासूनचा. मालक नऊला फळ्या लावून गेला की ओटा आमच्या ताब्यात.

ओटा नव्हता. दुकान नव्हतं, अख्खा वाडाच नव्हता. वर्षभर पत्रे मारलेले दिसत होते, ते निघालेत आणि पाच मजले उभे आहेत. खाली खांब, खांबांच्या मध्ये चारचाक्या, पुढं सरकतं लोखंडी गेट. गेटाच्या कडेला कट्ट्यासारखं काहीतरी दिसलं म्हणून टेकलो, तर वॉचमन आला. म्हणाला, "साहेब, इथं बसायचं नाही, सोसायटीनं सांगितलंय." त्याचंही बरोबर. कट्टा नव्हताच तो, केबलचा चेंबर होता.

मग आम्ही मुद्दाम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. बसायला जागा सापडली ती थेट कृष्णेच्या घाटावर.

माझ्या लहानपणी तिथल्या बऱ्याच दुकानांना शटर नव्हतं, फळ्या होत्या. फळ्यांवर आकडे रंगवलेले, एक ते अकरा. त्या क्रमानं खाचेत सरकवायच्या, शेवटचीला कडी आणि कुलूप. फळ्या लागल्या की पुढं तीन-साडेतीन फुटांचा दगडी ओटा मोकळा. दिवसा त्यावर गिऱ्हाईक चपला काढायचं, रात्री गाव बसायचं. नऊ ते बाराचा खेळ सुटलेली माणसं, नाटकातला रंग कानामागं तसाच राहिलेले हौशी नट, गणपती पेठेतले हमाल, शेवटची एसटी चुकलेला एखादा तासगावकर. एका ओट्याच्या पोटात पानपट्टी, दुसऱ्यापुढं भेळ, तिसऱ्यापुढं आम्लेट-पावाचा गाडा. दहा-वीस पावलांवर उजेड आणि कुणीतरी जागं.

मी कोरीव खांबांसाठी रडत नाहीये. आमच्या वाड्याचे खांब आम्हीच विकले, २००७ ला, फर्निचरवाल्याला. माझं म्हणणं एवढंच: वाडे पडल्यानं नाही, ओटे गेल्यानं या भागाची रात्र मेली. इमारत पाच मजली असू दे नाहीतर पंधरा मजली. रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या चार फुटांत ती काय करते, त्यावर रात्र ठरते.

बाकीच्यांना काय वाटतं?

रातकिडा · शनिवार, रात्री १.४१

+१००. मी पण जागाच.

तुम्ही सोड्याची गाडी विसरलात. गोटी सोडा, फट्टकन आवाज आला की अर्धा रस्ता मान वळवायचा. आणि भडंग! भेळेवर वरून मूठभर कच्चा कांदा आणि तळलेली मिरची. आता मंडळी शंभर फुटी रोडला नाहीतर विश्रामबागला जातात. तिथं कॅफे आहेत, पिवळे दिवे आहेत, भिंतीवर सायकल टांगलेली आहे. (सायकल का टांगतात हे मला अजून कळलेलं नाही.) पण तिथं गाडी काढून जायला लागतं आणि बसायचं तर ऑर्डर द्यायला लागते. ओट्यावर दीड रुपयाच्या चहावर तीन तास निघायचे.

शेंगदाणा · रविवार, सकाळी ७.५५

सांगलीला नाईट लाइफ? साडेनऊला आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा आडवी होतात.
(कृपया हलकं घ्या.)

ओट्यावरचा · रविवार, सकाळी ८.३०

@शेंगदाणा, हलकं घेतो, पण उत्तर जड देतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला याच गावात 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून हे गाव रात्रीचं जागतंय. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन कुठून आला? संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची, मग लोक काय उपाशी घरी जायचे? नाटक म्हटलं की त्यामागून चहा, पान, भजी, टांगा हे सगळं आलं. हे नाईट लाइफच. फक्त त्याला त्या वेळी 'जागरण' म्हणत आणि घरी गेल्यावर बोलणी खायला लागत.

मोगरा · रविवार, दुपारी ३.१०

बोलू का? गोड लागणार नाही.

तुम्ही सगळे ओट्यावर बसणारे. मी ओट्याच्या मागं राहणारी. हरभट रोडच्या मागच्या एका बोळात लग्न होऊन आले, १९९१ ला. सहा बिऱ्हाडांचा वाडा. पुढं दुकानं, मग सोपा, मधे चौक, मग आमच्या दोन खोल्या, आणि सगळ्यात मागं परसात संडास. एक. सहा बिऱ्हाडांत एक. रात्री पोटात दुखलं तर बॅटरी घेऊन चौक ओलांडायचा, आणि सोप्यात कुणीतरी ओट्यावरून आत येऊन लघवीला बसलेलं असायचं. हो, तुमच्यासारखंच कुणीतरी, नाटक बघून आलेलं.

मुलगा दहावीला होता तेव्हा पलीकडच्या परमिट रूममधली माणसं बारा वाजता याच ओट्यावर येऊन भांडायची. कानात कापूस घालून तो अभ्यास करायचा. आम्ही बायका सातनंतर पुढच्या दारानं बाहेर पडत नव्हतो, मागच्या बोळानं वळसा घालून जायचो. तुम्ही 'गाव बसायचं' म्हणता ती ही गोष्ट. त्या गावात मी बसलेली तुम्ही कधी बघितली का?

आता मी त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, दोन संडास आहेत, गेट आहे. सोसायटीनं बसू देत नाही म्हणालात ना, त्या कमिटीत मीपण आहे.

रातकिडा · रविवार, दुपारी ३.२२

काकू _/\_

ओट्यावरचा · रविवार, दुपारी ४.०५

मोगराताई, उत्तर नाही माझ्याकडं. लघवीबद्दल तर अजिबात नाही. एवढंच सांगतो की ओट्यावर बाई बसलेली मी एकदाच बघितली. सांगली संस्थानच्या गणपतीची पाचव्या दिवशीची मिरवणूक. त्या दिवशी ओटे बायकांचे असायचे आणि आम्ही रस्त्यावर उभे. एक दिवस, वर्षातून.

कर्नाळरोड · रविवार, रात्री ९.४८

वाडे कुणी हौसेनं पाडले नाहीत हो. पाण्यानं पाडले.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २००५ ला ५३ च्या पुढं गेलं तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असं परत होत नाही. २०१९ ला ५७ च्या पुढं गेलं. २०२१ ला परत आलं. टिळक चौक, मारुती चौक, हरभट रोड, सगळीकडं होड्या फिरल्या. आमच्याकडं म्हणजे दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट इथं तर पहिल्या दिवशीच येतं, आम्हाला सवय आहे. पेठेला सवय नव्हती.

जुन्या वाड्याच्या भिंती खाली दगडी जोतं, वर पांढरी माती नाहीतर कच्च्या विटा, आत सागवानी सांगाडा. पाणी जोत्याच्या आत राहिलं तर वाड्याला काही होत नाही, शंभर वर्षं झालं नाही. ते जोत्याच्या वर चढून आठ दिवस थांबलं की माती आतून लोणी होते. आणि भिंत पाण्यात पडत नाही. पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर पडते, चौथ्या-पाचव्या दिवशी, माणसं आत जाऊन चिखल काढत असताना. आमच्या मावशीच्या घराची मधली भिंत तशीच बसली. सगळे चहा प्यायला बाहेर आले होते म्हणून वाचले.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं तेच झालं. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद सांभाळणारी पेवं, २००५ ला पाणी शिरलं आणि बहुतेक संपली. आता हळद वखारीत आणि शीतगृहात. पेव परत खणा असं कुणी म्हणत नाही.

विटकरी · सोमवार, सकाळी ११.१५

वास्तुविशारद आहे, पेठेतली तीन कामं मी केलीत. त्यातलं एक धागाकर्त्याचं गेट असू शकतं, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो.

खाली दुकानाऐवजी पार्किंग का येतं ते सांगतो, नाहीतर सगळा राग बिल्डरवर निघेल. (थोडा निघू दे.)

नदीला दोन रेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. २०२० पासून राज्यात जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे तिच्यात असं आहे: नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम बंद. तिथली जुनी अधिकृत इमारत पाडून परत बांधायची तर जोतं लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, आणि वर पाटबंधारे खात्याचा दाखला. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण तिथंही तेच, लाल रेषेच्या वर दीड फूट.

आता लाल रेषा जर तुमच्या रस्त्यापासून सात-आठ फूट वर असेल तर 'जोतं' कुठं येणार? तुमच्या डोक्यावर. मग खाली उरलेल्या पोकळीत काय करायचं? नियमाप्रमाणं गाड्या लावायला जागा द्यायचीच आहे, ती तिथं बसते. बिल्डर खूश, कचेरी खूश, गाड्या खूश. एकाच फटक्यात दोन्ही अटी पुऱ्या.

दुसरी अडचण पेठेतल्या जागांच्या आकाराची. तोंड बारा-पंधरा फूट, खोली ऐंशी-नव्वद फूट, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. एक वाडा काढला की शेजारच्याची भिंत उघडी पडते, तिच्या तुळयांची टोकं हवेत. पहिल्या पावसात ती फुगते, मग त्यालाही धोकादायक इमारतीची नोटीस. पेठ अशी एकापाठोपाठ एक पडत जाते, दात काढल्यासारखी. बारा फुटांच्या तोंडात गाडी आत जायला रस्ता ठेवला की पुढं दुकानाला शिल्लक किती? लिफ्टची भिंत आणि मीटरची पेटी.

तेव्हा ओटा गेला तो कुणी ठरवून घालवला नाही. बेरीज-वजाबाकीत गेला.

पुणेरी_सांगलीकर · सोमवार, दुपारी १.००

पुण्यातसुद्धा हेच झालं. निदान दर्शनी भाग जपायचा नियम केला पाहिजे. पुढची सागवानी खिडकी, सज्जा तसाच ठेवायचा आणि मागं हवं ते बांधायचं. परदेशात करतात.

विटकरी · सोमवार, दुपारी १.२६

करतात. मला ते मढ्याला पावडर लावल्यासारखं वाटतं. आणि लाल रेषेच्या वर दीड फूट गेल्यावर ती खिडकी कुठं लावू, पार्किंगला?

पुणेरी_सांगलीकर · सोमवार, दुपारी १.३१

भाषा सांभाळा. सूचना केली, तुमची फी बुडवली नाही.

संपादक मंडळ · सोमवार, दुपारी ४.१०

यापुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. पुणे विरुद्ध सांगली हा विषय वेगळ्या धाग्यावर न्यावा. तिथंही तो निकाली निघणार नाही, पण जागा भरपूर आहे.

आठ_बाय_अकरा · सोमवार, रात्री १०.५५

दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज लॉगिन केलं.

वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आठ बाय अकरा. पागडीचं. भाडं महिना चाळीस रुपये, मालक पावती वेळेवर द्यायचा नाही म्हणून वडील मनीऑर्डर करायचे आणि मनीऑर्डरच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. आम्ही हसायचो. वाडा पाडायचा ठरला तेव्हा त्या डब्यानं वाचवलं. शेजारच्या टेलरकडं कागद नव्हता, त्याला पाठवणीचे पैसे देऊन मोकळं केलं.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पाडून नवं बांधायचं म्हणून भाडेकरू काढायचा तर परत जागा देण्याची हमी लागते, हे मला आधी माहीत नव्हतं. एका वकिलीणबाईंनी सांगितलं. त्यांनी आणखी एक सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल: किल्ली देण्याआधी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत करून घ्या, आणि करारात नुसतं क्षेत्रफळ लिहू नका, मजला लिहा आणि तोंड कुठल्या बाजूला ते लिहा.

आम्ही क्षेत्रफळ लिहिलं. मजला नाही लिहिला.

आता दुकान पहिल्या मजल्यावर आहे. मूळच्यापेक्षा थोडं मोठंच, टाइल्स, पंखा, सगळं छान. पण घड्याळाचा सेल बदलायला माणूस जिना चढत नाही. तो रस्त्यानं जाताना घड्याळवाला दिसला की त्याला आठवतं की आपलं घड्याळ बंद पडलंय. वडील ओट्यावर बसून काम करायचे, डोळ्याला भिंग, पुढं काचेची पेटी. रात्री साडेनऊपर्यंत. त्यांच्या दिव्यावर बोळ चालायचं. आता ते सकाळी वर जातात, पेपर वाचतात, पाचला खाली येतात.

मोगरा · सोमवार, रात्री ११.२०

घड्याळवाले काका मला माहीत आहेत. सातनंतर मी ज्या एका दुकानासमोरून जायची, ते तुमचं. दिवा असायचा म्हणून.

हे मी काल लिहिलं नाही, आज लिहिते.

गाड्यावरचा · मंगळवार, रात्री २.३०

धंदा आवरून आलो, आता वाचलं सगळं. भेळेचा गाडा आहे आमचा, आजोबांपासून. वर कुणी 'भडंग' लिहिलंय, तुम्ही बहुतेक आमच्याकडंच खाल्लंय भावा.

गाड्याला काय लागतं हे कुणालाच माहीत नसतं. लोकांना वाटतं चार चाकं आणि शेव. पहिलं म्हणजे पाठीला भिंत, नाहीतर वाऱ्यानं स्टोव्ह विझतो. दुसरं, दिव्याला वायर. तिसरं, पाणी, दोन घागरी का होईना. चौथं, गाडा रात्री ठेवायला जागा. वाड्याच्या मालकानं आम्हाला चारही दिलं होतं. दिंडी दरवाजाच्या आत गाडा लावायचा, चौकातल्या नळाचं पाणी, दुकानाच्या मीटरवरून एक बल्ब. बदल्यात रोज एक भेळ घरात, आणि रात्री वाड्यावर लक्ष. कागद कसलाच नाही. वाडा गेला तेव्हा पागडीवाल्याला निदान डबा होता, आमच्याकडं तोही नव्हता.

आता गाडा लांब लावतो, एका नातेवाइकाच्या मोकळ्या जागेत. रोज ढकलत आणायचा, ढकलत न्यायचा. पाऊण तास एका बाजूनं. आधी रात्री एकपर्यंत थांबायचो, आता साडेदहाला आवरायला घेतो, कारण त्यानंतर ढकलायला अंगात जीव राहत नाही. लोक म्हणतात हरभट रोडला आता दहानंतर काही मिळत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून नाही मिळत असं नाही. गाडा ठेवायला जागा नाही म्हणून नाही मिळत.

आज दोन वाजले कारण लग्नाची ऑर्डर होती.

२०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, शहराच्या पथविक्रेता समितीत चाळीस टक्के आमची माणसं असायला पाहिजेत, प्रमाणपत्र मिळतं, मला मिळालंय. कोरोनानंतर दहा हजारांचं स्वनिधी कर्जपण घेतलं आणि फेडलं. पण प्रमाणपत्राला भिंत नसते.

कर्नाळरोड · मंगळवार, सकाळी ८.०२

"प्रमाणपत्राला भिंत नसते." वा रे पठ्ठ्या.

शेंगदाणा · मंगळवार, सकाळी ९.१४

माझा पहिला प्रतिसाद मागं घेतो. कुत्री झोपतात कारण त्यांना भेळ मिळत नाही.

विटकरी · बुधवार, रात्री ११.४०

दोन दिवस डोक्यात हाच धागा आहे. धागाकर्ता शेवटी कुठं जाऊन बसला? घाटावर. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आज रात्री मीपण जाऊन बसलो.

घाट दर वर्षी बुडतो. पाणी उतरलं की गाळ खरवडतात, चार दिवसांत परत लोक बसतात. घाटाला वायरिंग नाही, प्लायवूड नाही, पीओपी नाही. दगड आहे आणि उतार आहे. पुराशी भांडण न करता रस्त्यावर, म्हणजे नदीवर, तोंड उघडं ठेवणारं बांधकाम आपल्याकडं आधीपासून आहे. आणि आम्ही शिकलेली माणसं खांबांखाली गाड्या लावतो, त्या २०१९ ला तरंगल्या.

घरी येऊन नियम परत काढून वाचला. निळ्या रेषेच्या आतसुद्धा, जिथं काहीच बांधता येत नाही, तिथं कशाकशाला मुभा आहे? पार्किंग, बाग, हिरवळ, सार्वजनिक शौचालय, आणि चक्क ओट्यांचा उघडा भाजीबाजार. म्हणजे नियमाला ओटा माहीत आहे हो! पाण्यात जाऊन परत येणारी गोष्ट म्हणून त्यानं ओट्याला बंदीतून वगळलंय. आम्ही त्या यादीतला पहिला शब्द वाचला, पार्किंग, आणि पान उलटलं.

एक कच्चं गणित मांडतो. खांबांच्या मजल्यात रस्त्याच्या बाजूचा पहिला गाळा, म्हणजे चार-पाच फूट खोली, गाडीच्या उपयोगाचा नसतोच, वळणात जातो. तिथं काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या, घाटासारख्या. गेट त्यांच्या मागं. पायऱ्यांच्या एका टोकाला फरशीची भिंत, म्हणजे गाड्याला पाठ. दिव्याची आणि प्लगची जागा वर, पहिल्या मजल्याच्या तळाशी, पुराच्या वर, वायर खाली सोडायची. नळ एक. पूर आला तर बुडू दे. पाइपनं धुतलं की झालं. खर्च लिफ्टच्या लॉबीत ग्रॅनाइट लावतो त्याच्यापेक्षा कमी.

बांधकाम चालू असलेल्या एका कामात मी हे मालकाला दाखवणार आहे. तो हो म्हणेल का? बहुतेक नाही. म्हणेल, "साहेब, मग तिथं लोक बसतील."

ओट्यावरचा · गुरुवार, रात्री १२.१५

लोक बसतील!!! अगदी अगदी.

@विटकरी, गेट तुमचंच असलं तरी माफ.

मोगरा · गुरुवार, सकाळी १०.३०

पायऱ्या चांगल्या आहेत. पण विटकरीदादा, तुमच्या यादीत शौचालय होतं ते गणितात आलं नाही. बघा, पुरुष माणसानं नकाशा काढला की हे असं होतं. पहिलं ते. दुसरं, बारानंतर नाही. तिसरं, परमिट रूमच्या दाराशेजारी नाही. चौथं, पायऱ्यांवर दिवा असा पाहिजे की वर खिडकीत डोळ्यावर येणार नाही आणि खाली बोळ पूर्ण दिसेल.

हे चार असेल तर मी स्वतः येऊन बसेन. पण पुढचं सांगते. आमच्या इमारतीत खाली पायऱ्या नाहीत आणि होणारही नाहीत, बांधून झालंय. माझ्या हातात एवढंच आहे की सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेते: गेटाबाहेर भिंतीला लागून गाडा लावू द्यायचा आणि रात्री आत ठेवू द्यायचा. पंधरा तारखेला मीटिंग आहे.

पुणेरी_सांगलीकर · गुरुवार, दुपारी १२.४५

बारानंतर का नाही? २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं चोवीस तासांची मुभा दिलीय, दारू वगळून. शहर वाढवायचं तर रात्रीची अर्थव्यवस्था...

मोगरा · गुरुवार, दुपारी १२.५२

तुम्ही या राहायला तिसऱ्या मजल्यावर, मग चोवीस तास.

आठ_बाय_अकरा · शुक्रवार, रात्री ९.३०

वडिलांना धागा वाचून दाखवला. मोगराताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, दिवा चाळीसचा होता, साठचा लावायला पाहिजे होता.

रातकिडा · पंधरा दिवसांनंतर, रात्री ११.०५

धागा वर काढतोय. काकू, मीटिंगचं काय झालं?

मोगरा · रात्री ११.३०

झाली. दीड तास पाण्याच्या टाकीवर, पंधरा मिनिटं या विषयावर. गाडा आत ठेवू द्यायचा का: चार हो, सात नाही. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले उंदीर येतील, पहिल्या मजल्यावरचे म्हणाले वास येईल. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, भेळ खायला आपणच खाली जाणार ना, मग ठेवू द्या. त्यांचं मत चारांत.

पाण्याच्या दोन घागरींना कुणी नाही म्हणालं नाही. ते पास झालं, पण मिनिट्समध्ये लिहायचं नाही या अटीवर. आणि गेटाबाहेरच्या भिंतीवर दिवा लावायचा, रात्री बारापर्यंत. त्यालाही विरोध नाही. उद्या इलेक्ट्रिशियन येतोय.

गाड्यावरचा · रात्री ११.५८

काकू, भिंत कुठल्या अंगाला आहे? वारा नदीकडनं येतो.

मोगरा · रात्री १२.०४

नदीच्या अंगालाच आहे. दिवा मात्र नऊ वॉटचाच मंजूर झालाय.

आठ_बाय_अकरा · रात्री १२.०९

वडील विचारतायत, पिवळा की पांढरा.